गाडी चालवायला योग्य आहे की नाही, एवढेच विचारा

भुसावळच्या माणसाला लोको पायलटची, म्हणजे रेल्वे इंजिनचालकाची, तपासणी नवी नाही. लॉबीत साइन ऑन करताना, म्हणजे ड्युटीवर हजर होताना, दारू तपासणाऱ्या मशीनमध्ये फुंक मारायची, हे आमच्या कॉलनीतल्या रनिंग स्टाफच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याविरुद्ध कोणी ब्र काढल्याचे मला आठवत नाही. मागे शेकडो प्रवासी बसलेले असताना ती तपासणी हवीच. माझा आक्षेप त्यापुढच्या पायरीला, मालकाच्या मर्जीने होणाऱ्या लघवीच्या तपासणीला आहे.

रावेर-सावद्याहून दिल्लीकडे केळी नेणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका चालकाची गेल्या पावसाळ्यात मालकाने लघवीची तपासणी करवली. खोकल्याच्या औषधात कोडीन होते, त्यामुळे अफूवर्गीय पदार्थांचा निष्कर्ष पॉझिटिव्ह आला. डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या खिशात होती, पण ती कोणी पाहिली नाही, खात्रीसाठी दुसरी तपासणीही केली नाही; अहवालाचा फोटो मात्र त्याच संध्याकाळी चालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला.

श्वासाची तपासणी माणूस या क्षणी प्यायलेला आहे का, हे सांगते. लघवीची तपासणी मागच्या दिवसांचे सांगते. नियमित गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश नशा उतरल्यावरही कित्येक दिवस, कधी काही आठवडे सापडतात. (गांजा ओढणे गुन्हा आहे आणि मी त्याची वकिली करत नाही, पण तो गुन्हा शोधणे पोलिसांचे काम आहे, ट्रान्सपोर्ट मालकाचे नव्हे.) मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूसाठी 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, अमली पदार्थांबाबत मात्र वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असावा लागतो. शिवाय त्याच नमुन्यातून झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्याही उघड होऊ शकतात, ज्या माणसाने कदाचित घरातही सांगितलेल्या नसतात.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यावर मर्यादा घालायची तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि त्या हेतूच्या प्रमाणातच उपाय, असे तिन्ही असावे लागते. सुरक्षेचा हेतू मला पूर्ण मान्य आहे. अमेरिकेत 1987 साली मेरीलँडमध्ये रेल्वे अपघातात 16 माणसे गेली, त्या इंजिनचालकाने गांजा ओढलेला होता, आणि 1989 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे कर्मचाऱ्यांची अशी तपासणी वैध ठरवली. पण तिथेही तपासणी कधी करायची, हे सरकारी नियमांत लिहिलेले होते, मालकाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. आपल्याकडे विमान वाहतुकीतही 2022 पासून अशा तपासण्या लेखी नियमांनुसारच होतात.

रेल्वे आणि एसटी महामंडळ राज्यघटनेच्या अनुच्छेद 12 खाली ‘राज्य’ ठरतात, म्हणून त्यांच्या कर्मचाऱ्याला मूलभूत हक्कासाठी निदान थेट न्यायालयात रिट याचिका तरी करता येते. केळीच्या ट्रकवरच्या चालकाला तो मार्ग सहजासहजी मोकळा नाही, आणि त्याच्यासाठी खात्रीची दुसरी तपासणी आणि अहवालाची गुप्तता यांचे नियम कायद्यातच हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तासांची मर्यादा घातली होती. त्या चालकाने सलग किती तास गाडी हाकली होती, यासाठी त्याच्या अहवालात रकानाच नव्हता.