ओळखीतले काका म्हणे!

एप्रिल लागला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुरूच, एकजण विचारणार "खात्रीचा देवगड हापूस कुठे मिळेल हो?" आणि दोन मिनिटांत दुसरा "ओळखीतले काका आहेत, एकदम घरचा आंबा" म्हणून नंबर टाकणार, आणि मागनं कळतं की दोघं सख्खे मेहुणे! डोकंच फिरतं. गेल्या वर्षी घेतली ना पेटी, वर देवगडचं लेबल आणि पेंढ्याखाली कानडी पेपर, वास तर नावाला नाही. कोकणातल्या ५ जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, नोंदणी असेल तर दाखवा की! अरे सरळ सांगा ना, माझा धंदा आहे, हा भाव, खराब निघाला तर बदलून देतो, घेऊ की आम्ही. आईने त्या पेटीतला पहिला आंबा देवापुढे ठेवला होता हो.