अजगराचं कातडं आणि धनुष्य : गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार गुरुजी,

शिकारी धनुष्यांवर सापाचं कातडं लावण्याच्या कलेवर मी लिहिलेला लेख वाचून तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मोठ्या सापाच्या कातड्याचं मी नको इतकं कौतुक केलं, त्यामुळे खानापूर-जांबोटीकडच्या पोरांच्या डोक्यात भलतंच शिरेल, कातड्याने धनुष्याला बळ येतं असा समज मी खोडला नाही, आणि आपल्याकडच्या धनुष्याला या सोंगाची गरजच नव्हती.

बळाचं आधी सांगतो. मावसभावाकडे टेक्सासला गेलो होतो तेव्हा एका वयस्कर कारागिराच्या शेडमध्ये दोन तास बसलो होतो. ऑसेज ऑरेंजच्या पिवळ्याधमक लाकडाचं धनुष्य होतं. त्याच्या पाठीवर, म्हणजे मारणाऱ्यापासून लांबच्या बाजूला, रॅटलस्नेक या तिकडच्या विषारी सापाची दोन कातडी लावलेली. पोटाकडून चिरलेली, शेपट्या टोकांकडे, आणि मधला सांधा मुठीच्या चामड्याखाली. सरस वाळल्यावर त्यांनी कागदी चिकटपट्टी दाबून लावली आणि सर्रकन ओढली. खवले पट्टीबरोबर निघून आले, नक्षी मात्र जागच्या जागी! रंग खवल्यात नसतो, खालच्या कातडीत असतो, हे मला तिथे कळलं. खाली उरलं ते लग्नपत्रिकेच्या कागदाएवढं पातळ. त्याने कसलं बळ येणार? दोरी ओढली की ताण पाठीवर येतो आणि तो लाकूडच सोसतं. अमेरिकेतल्या काही आदिवासी जमाती पाठीवर जनावराच्या कंडरांचे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट तंतूंचे, दोरे सरसाने बसवत. तिथे ताण ते दोरे घेत. पण सरस ओला झाला की सुटतो, म्हणून वरून सापाचं कातडं. पावसात आपण गवताच्या गंजीवर ताडपत्री टाकतो तसं. शोभा त्याच्या जोडीला आली.

मोठ्या सापाचं कातडं तर त्याहून गैरसोयीचं. सांधा लागत नाही, एका तुकड्यात काम होतं, एवढाच फायदा. ते जाड आणि जड असतं, आणि धनुष्याच्या टोकांशी वजन वाढलं की ती सुटताना मंदावतात, बाण हळू जातो. मी लेखात फायदा लिहिला, तोटा लिहिला नाही. ही चूक माझी आहे.

ती किती महाग पडली असती ते सांगायलाच हवं. तुमची प्रतिक्रिया येण्याच्या चार दिवस आधी जांबोटीकडच्या एका पोराचा फोन आला. रात्री गाडीखाली अजगर सापडला होता. "सर, मेलाय तो, मी मारला नाही. कातडं वाया जाण्यापेक्षा सोलू काय? तुम्हीच लिहिलंय की मोठं असलं की एका तुकड्यात होतं." माझं वाक्य त्याच्या तोंडून ऐकताना पोटात गोळा आला. हात लावू नको, आधी वनखात्याला फोन कर, म्हणालो. त्याने केला. वनरक्षक येईपर्यंत तो रस्त्याकडेला उभा होता, पोरगं गुणी आहे.

म्हणून आता स्पष्ट लिहितो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अजगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. मारला तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि वर दंड. मेलेला सापडला तरी तो सरकारची मालमत्ता. ४८ तासांच्या आत पोलीस किंवा वनखात्याला कळवायचं असतं. 'आपोआप मेलेला' ही पळवाट नाही. फ्लोरिडातली गोष्ट वेगळी. तिथल्या दलदलीत बर्मी अजगर बाहेरून आलेला, त्याने तिथली जनावरं संपवत आणली, म्हणून २०१३पासून सरकारच त्याला पकडायच्या स्पर्धा घेतं. तिथला कारागीर मोठं कातडं बिनधास्त वापरतो ते त्यामुळे. आमच्या भीमगडच्या रानात अजगर घरचा आहे. माझ्या लेखात हा फरक नव्हता, तुम्ही बोट ठेवलंत ते बरोबर तिथेच.

सोंगाचा मुद्दा मात्र अर्धाच पटतो. दुसऱ्याच्या पिढीजात कसबाला सोंग म्हणू नये, गुरुजी. त्यांच्या लाकडाला, त्यांच्या हवेला ते लागत होतं. आपल्या बांबूला नाही लागत, हे खरं. बांबूचे सगळ्यात दाट धागे त्याच्या हिरव्या सालीलगत असतात. ती साल पाठीकडे ठेवून, तिला सुरी न लावता, फक्त पोटाकडून, म्हणजे मारणाऱ्याकडच्या बाजूने, तासत गेलं की वेगळं आवरण लागतच नाही. मी माझ्या धनुष्याच्या पाठीवर एकदा हौसेने पॉलिश पेपर फिरवला होता. तिसऱ्या दिवशी ओढताना तिथूनच चिरफळी उठली, आणि अंगठ्यात शिरलेली कूस काढायला आईला सुई घ्यावी लागली. आणि शिकारीचं म्हणाल तर तो विषय आपल्याकडे कायद्याने संपलेला आहे. मी पेंढ्याच्या लक्ष्यावर मारतो.

मूळ लेखाच्या डोक्यावर आज कायद्याचा मजकूर टाकला आहे आणि ते एका तुकड्याचं वाक्य तोट्यासकट दुरुस्त केलं आहे. जांबोटीच्या त्या पोराला दिवाळीनंतरच्या अंधाऱ्या पंधरवड्यात बोलावलं आहे. आमच्या बांधावरचा बांबू तेव्हा तोडायचा, म्हणजे भुंगा लागत नाही असं वडील सांगतात. मुठीला कातड्याऐवजी तांबडा सुती दोरा गुंडाळू. तुम्हाला जमलं तर या, तुमच्या शाळेतली दोन-चार पोरं घेऊन.