‘लॉग आहेत की, ट्रेसिंग कशाला?’

डेव्हलपरांच्या ग्रुपांवर एक मत सारखं फिरतं: डिस्ट्रिब्युटेड ट्रेसिंग, म्हणजे एक रिक्वेस्ट कोणकोणत्या सर्व्हिसमधून कशी गेली याचा माग ठेवणं, ही शेकडो सर्व्हिस चालवणाऱ्यांची चैन आहे, लॉगमध्ये रिक्वेस्ट आयडी टाकला की तेच काम होतं, ट्रेसिंगने अॅप मंदावतं, आणि सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे काही थोड्याच रिक्वेस्ट नोंदवण्यात, नेमकी हवी ती रिक्वेस्टच गळून जाते. हे वाचून अनेक टीम ट्रेसिंगच्या वाटेलाच जात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी रिक्वेस्ट आयडी. त्याने एका रिक्वेस्टच्या सगळ्या ओळी सापडतात, हे खरं. पण हाती लागते ती यादी. कोणत्या कॉलमधून कोणता निघाला, कोण कोणासाठी थांबलं होतं, हे तिच्यात नसतं. समजा, ऑर्डरचं पान उघडायला २ सेकंद लागतात. ऑर्डर सर्व्हिसचा लॉग सांगतो, किमती आणण्यात वेळ गेला. किमतींच्या सर्व्हिसचा लॉग बघावा तर प्रत्येक कॉल ४० मिलिसेकंदांत संपलेला. दोन्ही लॉग खरेच बोलतात. ट्रेस, म्हणजे त्या रिक्वेस्टचा अख्खा प्रवास, उघडला की ५० स्पॅन (एकेका कामाच्या नोंदी) जिन्याच्या पायऱ्यांसारखे उतरताना दिसतात: दर वस्तूमागे एक कॉल, तोही आधीचा संपल्यावरच. त्यात दोन मशिनांची घड्याळं थोडी पुढेमागे असली, तर वेळेनुसार लावलेल्या लॉगमध्ये उत्तर प्रश्नाच्या आधी येऊ शकतं. ट्रेसमधल्या वेळाही त्याच घड्याळांच्या. पण प्रत्येक स्पॅन आपल्या पालक स्पॅनचा आयडी सोबत ठेवतो, म्हणून क्रम चुकला तरी नातं चुकत नाही.

चैनीचा समज जुन्या दिवसांतला असावा. गुगलचा डॅपर या आपल्या ट्रेसिंग सिस्टिमवरचा पेपर २०१० चा, ट्विटरने झिपकिन हे आपलं ट्रेसिंगचं साधन २०१२ मध्ये खुलं केलं, उबरने येगर २०१७ मध्ये. पण २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन खुले प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री झालं, आणि २०२० मध्ये ट्रेस आयडी एका सर्व्हिसकडून दुसरीकडे नेणारं ट्रेसपेरेंट हेडर वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं मानक बनलं. आज जावा अॅपला एजंट (आपोआप स्पॅन नोंदवणारा प्रोग्राम) जोडला आणि येगर एका कंटेनरमध्ये चालवलं की सुरुवात होते. तीन सर्व्हिस आणि एक क्यू असली तरी ते करण्यासारखं आहे.

मंदावण्याचं म्हणाल तर खर्च शून्य नाही. पण अॅपमधला ट्रेसिंगचा बॅच प्रोसेसर स्पॅन मेमरीतल्या रांगेत ठेवून मागाहून गठ्ठ्याने पाठवतो. रांग भरली तर नवे स्पॅन टाकून दिले जातात, रिक्वेस्ट अडत नाही.

सॅम्पलिंगच्या आक्षेपात मात्र दम आहे. डॅपरची प्रॉडक्शनमधली पहिली आवृत्ती सरासरी १०२४ पैकी एकच रिक्वेस्ट नोंदवायची. सुरुवातीलाच निर्णय घेतला, तर ही रिक्वेस्ट पुढे फसणार आहे हे कळणार कसं? त्यासाठी टेल सॅम्पलिंग: स्पॅन गोळा करणारा कलेक्टर थोडा वेळ वाट पाहतो आणि एरर आलेले किंवा रेंगाळलेले ट्रेस ठेवून घेतो. त्याला मेमरी लागते, आणि एका ट्रेसचे सगळे स्पॅन एकाच कलेक्टरकडे पोचवावे लागतात. ट्रॅफिक बेताचं असेल तर सॅम्पलिंग करूच नका. ओपनटेलिमेट्रीचं डिफॉल्टही सगळं नोंदवण्याचंच आहे.

खरी अडचण या मतात कुठे येतच नाही. ट्रेस मध्येच तुटतो: हेडर गाळणाऱ्या प्रॉक्सीपाशी, टीमने स्वतः लिहिलेल्या एचटीटीपी क्लायंटमध्ये, किंवा डेटाबेसच्या टेबलात ठेवलेलं काम ठरलेल्या वेळी चालणारा क्रॉन जॉब उचलतो तिथे. तिथे कोणताही एजंट आपोआप मदतीला येईल असं धरू नका. ट्रेसपेरेंट त्या कामासोबत टेबलातच साठवावा लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात डॅशबोर्ड सजवू नका. महत्त्वाचा एकच मार्ग घ्या, ३२ अक्षरांचा ट्रेस आयडी पहिल्या सर्व्हिसपासून शेवटच्या जॉबपर्यंत तोच राहतो का ते तपासा, आणि लॉगच्या प्रत्येक ओळीतही तोच छापा.