रस नसल्याचा पुरावा कसा द्यावा

नायिका मध्यवर्ती असलेल्या सुपरहिरोपटांत आपल्याला रस नाही, हे आपण एव्हाना मित्रांना, कार्यालयातील सहकाऱ्यांना आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनाही सांगून झाले असेल. तरीही आपले म्हणणे जगापर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही, अशी रुखरुख आपल्याला लागून राहिली असणार. सामान्य माणसाच्या बाबतीत रस नसणे ही फार सोपी अवस्था आहे. ज्याला कॅरममध्ये रस नसतो, तो कॅरम खेळत नाही आणि दुपारी झोपतो. आपले तसे नाही. आपल्या अनास्थेला अभ्यासाची, जागरणाची आणि सातत्याची गरज आहे, आणि त्या कामी थोडी मदत व्हावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात झलकेपासून करावी. ज्या चित्रपटात रस नाही त्याची झलक प्रदर्शित होताच, त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला पाहावी आणि नायिकेचा चेहरा बारकाईने न्याहाळावा. ती हसत नसल्यास ती नोंद ताबडतोब करावी. 'कॅप्टन मार्व्हल'ची पहिली झलक 2018 मध्ये आली तेव्हा तिची नायिका ब्री लार्सन पुरेशी हसत नाही, हा आक्षेप जगभरातील निरिच्छ मंडळींनी किती तत्परतेने नोंदवला होता, हे आपल्याला आठवत असेलच. बॅटमॅन गेली कित्येक दशके हसलेला नाही, असे कोणी सुचवलेच तर त्याचे आईवडील वारले आहेत, याची त्या व्यक्तीला गंभीरपणे आठवण करून द्यावी. त्यानंतर चित्रपट लागण्याची वाट न पाहता त्याचे मूल्यमापन सुरू करावे. या बाबतीत काही साधकांनी 2019 च्या फेब्रुवारीत इतकी मजल मारली होती, की प्रदर्शनापूर्वीच चित्रपटांना गुण देणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज'वर शेरे आणि नापसंती यांचा ढीग साचला आणि चित्रपट पाहण्याची उत्सुकता किती टक्के लोकांना आहे, हे दाखवणारा आकडाच त्या संकेतस्थळाला बंद करावा लागला. अनास्थेच्या बळावर एखादी यंत्रणा बंद पाडता येते, हे त्यापूर्वी कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

चित्रपट लागल्यावर कथानकाकडे वळावे. येथे सर्वांत भरवशाचा आक्षेप असा, की नायिकेला तिची शक्ती कष्टाने मिळालेली नाही. हा आक्षेप घेताना नायकांच्या चरित्रात फार खोल शिरू नये, कारण तेथे जरा निसरडे आहे. सुपरमॅनला त्याची शक्ती ऊन लागल्याने मिळते, थॉर राजघराण्यात जन्मला, कॅप्टन अमेरिका म्हणजे स्टीव्ह रॉजर्सला सरकारी खर्चाने इंजेक्शन मिळाले, आणि कोळी चावला त्या वेळी हजर राहणे यापलीकडे स्पायडरमॅन म्हणजे पीटर पार्करचे त्या प्रसंगात काहीही योगदान नव्हते. बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेनच्या वारशाचा हिशेब तर आपण काढूच नये. कॅप्टन मार्व्हल म्हणजे कॅरल डॅनव्हर्स ही मात्र हवाई दलातील वैमानिक असून एका इंजिनाच्या स्फोटाने तिला शक्ती प्राप्त होते, सबब तिची कथा पटत नाही, असे म्हणून आपण पुढच्या मुद्द्याकडे जावे.

महाराष्ट्रातील वाचकांनी येथे एक अधिकची दक्षता घेणे इष्ट आहे. आपण साडेतीन शक्तिपीठांच्या मुलखात राहतो. वणीच्या सप्तशृंगीला अठरा हात आहेत आणि प्रत्येक हातात काही ना काही आहे, याविषयी आपली कधीच तक्रार नव्हती. नवरात्रात आपण नऊ दिवस अनवाणी चालतो आणि महिषासुराच्या वजनाचा विचार मनात आणत नाही. मात्र पडद्यावर दोन हातांची बाई रणगाडा उचलू लागली, की आपल्यातला भौतिकशास्त्राचा शिक्षक जागा होतो. कोणी ही विसंगती दाखवून दिल्यास, आमच्याकडे स्त्रीला देवी मानतात, त्यामुळे असल्या चित्रपटांची आम्हाला गरजच नाही, असे उत्तर द्यावे. हे उत्तर दिल्यावर घरातील स्त्रीकडे चहा मागण्यापूर्वी थोडा वेळ जाऊ द्यावा.

आपण स्त्रीद्वेष्टे आहात, असा आरोप होण्याची शक्यता गृहीत धरून 'एलियन'मधील रिप्ली आणि 'टर्मिनेटर'मधील सारा कॉनर ही दोन नावे सदैव तयार ठेवावीत. या दोघी आपल्याला आवडतात, हे प्रत्येक वादात पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकावे. 'एलियन' 1979 चा आणि 'टर्मिनेटर' 1984 चा, म्हणजे आपली उदारता चाळीस वर्षांहून अधिक काळ याच दोन बायकांवर भागत आली आहे, हे कोणी मोजत नाही. (या दोघी आपापल्या काळात आल्या तेव्हा त्यांच्या हसण्याची चौकशी झाली नाही, कदाचित तेव्हा झलक घरी बसून वारंवार मागे-पुढे करून पाहण्याची सोय नव्हती म्हणूनही असेल.)

आता हिशेबाकडे वळू, कारण खरे कसब येथे लागते. या विषयातील आदर्श दस्तऐवज म्हणजे मार्व्हल एंटरटेनमेंटचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी आइक पर्लमटर यांनी 2014 मध्ये सोनीच्या मायकेल लिंटन यांना पाठवलेले ई-पत्र. सोनीच्या संगणकांवर दरोडा पडल्यामुळे पुढच्याच वर्षी ते साऱ्या जगाला वाचायला मिळाले. त्यात 'इलेक्ट्रा', 'कॅटवुमन' आणि 'सुपरगर्ल' हे तीन चित्रपट कसे सपशेल आपटले, याची यादी होती. 'सुपरगर्ल' 1984 चा, 'कॅटवुमन' 2004 चा, 'इलेक्ट्रा' 2005 चा. म्हणजे एकवीस वर्षांतले तीन नमुने घेऊन निम्म्या मानवजातीविषयी निष्कर्ष काढण्याचे धाडस या पत्रात होते. ते लिहिले जाण्याच्या तीनच वर्षे आधी 'ग्रीन लँटर्न'ने सुमारे 20 कोटी डॉलर खर्चून जेमतेम तेवढाच गल्ला जमवला होता, पण तो या यादीत नव्हता. असण्याचे कारणही नव्हते, कारण तो 'ग्रीन लँटर्न'चा दोष होता.

हा नियम आपण पाठ करावा: पुरुषाचा चित्रपट पडला तर तो चित्रपट पडतो, बाईचा पडला तर बाई पडते. रायन रेनॉल्ड्सला 'ग्रीन लँटर्न'नंतर पाच वर्षांनी 'डेडपूल' मिळाला. बेन अफ्लेकने 2003 मध्ये 'डेअरडेव्हिल' करून ठेवल्यावर 2016 मध्ये त्याला थेट बॅटमॅन करण्यात आले. ख्रिस इव्हान्स 'फँटास्टिक फोर'च्या दोन चित्रपटांतून वाचून कॅप्टन अमेरिका झाला. खुद्द बॅटमॅनची 1997 मध्ये इतकी शोभा झाली, की दुसरे कोणतेही पात्र तेथे संपले असते. त्याला आठ वर्षे विश्रांती देऊन नवा दिग्दर्शक, नवा नट आणि नवी मोटार देण्यात आली. 'कॅटवुमन' वाईट होता, यात शंका नाही. हॅले बेरीने त्यासाठी मिळालेला, वाईट कामगिरीबद्दल दिला जाणारा 'रॅझी' पुरस्कार स्वतः व्यासपीठावर जाऊन, हातात आपले ऑस्कर घेऊन स्वीकारला, यावरून तिला तो किती वाईट आहे हे आपल्याआधी कळले होते, असे दिसते. 2024 चा 'मॅडम वेब'ही मी पाहिला आहे आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखे मला काहीही सापडलेले नाही. परंतु वाईट चित्रपटाला वाईट म्हणून थांबणे आपल्याला परवडणारे नाही, कारण तेवढ्यावर कोणीच वाद घालत नाही.

अलीकडच्या आकड्यांतही थोडी सावधगिरी हवी. 2023 मधील 'द मार्व्हल्स'ने, म्हणजे 'कॅप्टन मार्व्हल'च्या पुढच्या भागाने, जगभरात सुमारे 20 कोटी 60 लाख डॉलर मिळवले आणि मार्व्हलच्या चित्रपटमालिकेतला तो नीचांक ठरला. हा आकडा झोपेतही सांगता आला पाहिजे. अभिनेत्यांचा संप तो प्रदर्शित होण्याच्या आदल्या दिवशी संपला आणि तोवर एकाही कलाकाराला त्याची प्रसिद्धी करता आली नव्हती, हे सांगण्याची गरज नाही. पुढच्याच वर्षी 'जोकर'चा दुसरा भागही जवळपास तेवढ्याच रकमेवर अडकला, परंतु त्यात लेडी गागा होती, त्यामुळे दोष कोणाकडे जातो हे आपण चतुर असल्याने वेगळे सांगायला नको.

चित्रपट चालला तर मात्र धावपळ होते. 2017 मध्ये पॅटी जेंकिन्स यांच्या 'वंडर वुमन'ने 82 कोटी डॉलरच्या आसपास मजल मारली, तेव्हा नावीन्याचा परिणाम असे म्हणता आले. 'कॅप्टन मार्व्हल'ने 113 कोटी डॉलर ओलांडले, तेव्हा तो 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या दोन मोठ्या चित्रपटांच्या मधोमध लागल्याने चालला, हे स्पष्टीकरण कामी आले. त्याच दोन चित्रपटांच्या मधोमध 'अँट-मॅन अँड द वास्प'ही लागला होता आणि तो 62 कोटींवर थांबला, असे कोणी म्हणाल्यास पाणी मागवावे. 2025 मध्ये कल्याणी प्रियदर्शनच्या मल्याळम 'लोका'ने सुमारे 300 कोटी रुपयांचा गल्ला जमवून मल्याळम चित्रपटांचा उच्चांक गाठला, तेव्हा केरळातले प्रेक्षक वेगळेच असतात, असे सांगून ते राज्य हिशेबातून वगळावे.

मुंबईचा विषय तर काढूच देऊ नये. 1935 मध्ये वाडिया मूव्हीटोनने 'हंटरवाली' आणला, त्यात मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या नादियाने तोंडाला मुखवटा बांधून, हातात चाबूक घेऊन, घोड्यावरून राजवाड्यातल्या दुष्टांची पळता भुई थोडी केली आणि तो चित्रपट आठवडेच्या आठवडे चालला. त्या वेळी सुपरमॅनही जन्मलेला नव्हता. तो 1938 मध्ये आला. धोतर-टोपीतले जे प्रेक्षक तेव्हा पिटात बसून शिट्ट्या मारत होते, त्यांना हा आपल्यावर लादलेला अजेंडा आहे, हे सांगणारे कोणीच भेटले नाही, ही त्या पिढीची केवढी उपेक्षा!

मुलींनाच असल्या नायिका नको असतात, बाजार खोटे बोलत नाही, हा युक्तिवादही वजनदार आहे. फक्त बाजारात काय मांडले होते, ते विचारू देऊ नये. 'अ‍ॅव्हेंजर्स'मधली ब्लॅक विडो 2010 मध्ये पडद्यावर आली आणि तिच्या नावाचा चित्रपट 2021 मध्ये निघाला, म्हणजे 'एंडगेम'मध्ये तिला मारून झाल्यावर. 2015 च्या 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये विमानातून मोटरसायकलसह उडी घेते ती ब्लॅक विडो, पण दुकानात आलेल्या खेळण्यात त्या मोटरसायकलवर कॅप्टन अमेरिका बसलेला होता. 'आयर्न मॅन 3'मध्ये खलनायिका बाई ठेवायची होती, पण तिची खेळणी कमी खपतील म्हणून कंपनीने पुरुष घ्यायला लावला, असे दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनीच 2016 मध्ये सांगितले. जी बाहुली बनवलीच नाही ती विकत कोणी घेतली नाही, हा पुरावा निर्विवाद आहे.

कधी कधी आपल्याला काहीच करावे लागत नाही, समोरची मंडळीच मदत करतात. तिकीट काढणे हे सामाजिक कर्तव्य असल्याच्या थाटात स्टुडिओ जाहिराती करू लागले, की आपण शांत बसावे. ऑक्टोबर 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमनला महिला सक्षमीकरणाची मानद दूत नेमले. सरचिटणीसपदासाठी तेरा उमेदवारांपैकी सात स्त्रिया होत्या आणि निवड एका पुरुषाची झाली, तो महिनाही हाच. समारंभाच्या वेळी तेथील काही कर्मचाऱ्यांनी पाठ फिरवून निषेध केला आणि डिसेंबर संपण्यापूर्वी ती दूतगिरीही आटोपली. खऱ्या स्त्रियांना खुर्ची नाकारून कागदावरच्या स्त्रीला पद देणाऱ्या या संस्थेपुढे आपण सारे नवशिके आहोत, आणि तिच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

डीसी स्टुडिओजने नव्या 'सुपरगर्ल'साठी 26 जून 2026 ही तारीख जाहीर केली, तेव्हापासूनच दोन मसुदे लिहून ठेवणे श्रेयस्कर होते. ते राहून गेले असल्यास पुढच्या चित्रपटासाठी तरी आळस करू नये. पहिल्या मसुद्यात चित्रपट का पडला, हे असावे आणि दुसऱ्यात तो चालला असला तरी ते का धरायचे नाही, हे असावे. नावाची जागा कोरी सोडावी, म्हणजे दोन्ही पुन्हा वापरता येतात. आणि पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाचे तिकीट आगाऊ काढून ठेवावे, कारण मधल्या रांगा लवकर भरतात आणि कडेच्या खुर्चीतून नायिकेचा चेहरा नीट दिसत नाही.