माझं दहाचं नाणं

काल संध्याकाळी माझं दहा रुपयांचं नाणं परत मिळालं. तेच की दुसरं, देव जाणे. देणाऱ्याच्या तोंडावरचं हसू मात्र परवाचंच होतं.

गोव्यात फोंड्याला घराच्या सोप्यावर मी दहावीच्या सात पोरांची शिकवणी घेतो. हा आठवडा संभाव्यतेचा. हा धडा म्हणजे फुकटचे गुण, असं लोक म्हणतात. ज्यांनी तो कधी शिकवला नाही, ते लोक.

सोमवारी नाणं काढलं. छापा कुठला? सिंहाचा. "सर, डोकी तीन दिसतात," एक मुलगी म्हणाली. झालं, संभाव्यता बाजूला राहिली आणि मी सारनाथच्या स्तंभावर चढलो. सिंह चार, चौथा पाठीमागे वगैरे. उतरेपर्यंत वीस मिनिटं गेली. मग दुसऱ्याने सिद्धान्त मांडला, "पडेल, नायतर नाही पडणार. म्हणजे निम्मं-निम्मं." नाण्यापुरतं हे बरोबर आल्यामुळे त्याला जोर चढला. फाशावर सहा? निम्मं. बावन्न पत्त्यांतून इस्पिकचा एक्का? निम्मं. (चवथीच्या जागरणात बावन्न पत्ते या सगळ्यांनी डोळे फुटेस्तोवर पाहिलेत, तिथे मात्र कुणी निम्मं म्हणत नाही.) आज पाऊस? तेही निम्मं. बाहेर आषाढ कोसळत होता आणि हे महाशय निथळत माझ्या चटईवर बसले होते.

त्याला धीर द्यावा म्हणून मी सांगितलं की मोठी माणसंही इथे घसरली आहेत. नाणं दोनदा उडवून एकदा तरी छापा येण्याची संभाव्यता तीन चतुर्थांश. पण द'अलाम्बेर नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये विश्वकोशात दोन तृतीयांश छापून टाकली. "मग त्याला गुण दिले?" पोराने विचारलं. धीर देणं मी त्या दिवसापासून बंद केलं आहे.

आता परवाचं. या निम्म्या-निम्म्याचे आजोबा त्याला न्यायला येतात. येतात अर्धा तास आधी, छत्री माझ्या वहाणांवर निथळत ठेवतात आणि सोप्याच्या कोपऱ्यात बसून अडकित्त्याने सुपारी कातरतात. परवा मी प्रात्यक्षिक म्हणून नाणं उडवत होतो. छापा. छापा. छापा. लागोपाठ सात वेळा छापा! कातरणं थांबलं.

"आता काटाच येणार," आजोबा म्हणाले.

मी म्हटलं, नाही आजोबा, नाण्याला आठवण नसते. आठव्या वेळीही एक छेद दोनच. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंते कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या लाल-काळ्या चक्रावर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. आता लाल येणारच म्हणून लोक पैसे लावत गेले आणि धुऊन निघाले.

"कुठे म्हणालात?"

"मोंते कार्लो."

"तिथला ओपन किती वाजता निघतो?"

पोरं चटईवर लोळली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. म्हणून फळ्यावर मटकाच मांडला. (त्यात पहिला आकडा ओपन, दुसरा क्लोज, दोन मिळून जोडी.) शून्य ते नऊ, आकडे दहा. तुमचा लागायची शक्यता एक छेद दहा. लागला तर रुपयाला नऊ. म्हणजे शंभर रुपये लावत गेलात तर सरासरी नव्वद परत, दहा गेले. आजोबांनी सुपारी गालात सरकवली.

"आकडे दहा, पण पाने किती? तीन पत्त्यांची?"

मी गप्प.

"दोनशे वीस. दर आकड्याला बावीस. हे शिकवलं पोरांना?"

रात्री जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो. मटक्याचा आकडा म्हणजे तीन पत्त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक, आणि ते तीन पत्ते म्हणजे पान, क्रम मोजायचा नाही. तिन्ही अंक वेगळे, १२०. दोन सारखे, ९०. तिन्ही सारखे, १०. बेरीज २२०. म्हातारा चौथी शिकलेला! माझ्या पोरांना दोन फाशांचा नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी, लिहायला सांगितला तर पाच जण छत्तीसपर्यंत पोचत नाहीत.

निघताना त्यांनी फळ्याखाली ठेवलेलं माझं नाणं उचललं. "सात वेळा छापा म्हणजे सातो. सुट्टे नाहीत, उद्या देतो." मी काही म्हणेपर्यंत छत्री उघडली होती.

आणि सातो लागला.

काल आले ते नव्वद रुपयांची कथा सगळ्या शिकवणीला ऐकवत. दहा मला परत. ऐंशी त्यांचे. आणि फळ्याकडे बोट दाखवून, "तुमच्या हिशेबाने माझा रुपया जाणार होता ना?" सरासरी ही एका दिवसाची नसते, हे मी सांगत होतो, पण सातही पोरं त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्या नातवाची दोन महिन्यांची फी बाकी आहे. ती मागायची तर हीच वेळ होती, पण जीभ उचलली नाही. मांडवी नदीतल्या कॅसिनोंत गोंयकाराने खेळायला १ फेब्रुवारी २०२० पासून बंदी आहे, सरकारला आमची एवढी काळजी. मटका तर मुळातच बेकायदा. तरी आकडा घेणारा गाडा माझ्या घरापासून साठ पावलांवर, आणि ग्रंथालय? जाऊ दे.

आज सकाळी दूध आणायला गेलो. गाड्यावरच्या माणसाने आजवर मला कधी ओळख दाखवली नव्हती. आज उठून उभा राहिला.

"मास्तर, आयज कितें?"

आजूबाजूचे चार जण वळले. एकाने हातातला चहा खाली ठेवला. मी शक्य तितक्या थंडपणे म्हटलं, "कुठलाही आकडा घ्या. एक छेद दहा."

त्याने कानामागची पेन्सिल काढली, चिठ्ठीवर लिहिलं आणि मागच्याला ओरडून सांगितलं, "ओपन एक, क्लोज शून्य! मास्तराची जोडी!"