पाचशे घोडे आणि एक जॅकेट

तर तुम्ही ५०० हॉर्सपॉवरची गाडी घेताय, आणि असली गाडी चालवायला शिकवणारं ड्रायव्हिंग स्कूल तिच्याबरोबर फुकट मिळावं अशी अपेक्षा ठेवावी का, असं विचारताय. अभिनंदन! मी नुकताच या दिव्यातून गेलोय, म्हणून चार गोष्टी फुकट सांगतो. बाकी फुकट काय मिळतं ते पुढे येईलच.

पहिलं म्हणजे शोरूममध्ये ड्रायव्हिंग स्कूलचा विषय काढू नका. सेल्समन दुखावतो. "साहेब, तुम्हाला गाडी येते ना?" असं तो विचारतो. त्यावर चारचौघांत "नाही" म्हणायची छाती आपल्याला असती, तर असली गाडी घ्यायची गरजच पडली नसती.

घासाघीस करायचीच असेल तर मॅट, पॉलिश आणि चाकांच्या रंगावर करा.

डिलिव्हरीच्या दिवशी मात्र नीट लक्ष द्या. माझी पाऊण तास चालली. त्यातला अर्धा वेळ फोन जोडण्यात गेला. मग आतल्या दिव्यांचे रंग एकेक करून दाखवले, जांभळा दोनदा. एक्झॉस्टचा आवाज वाढवायचं बटण दाबलं तेव्हा शोरूममधले सगळे वळून बघायला लागले आणि मीही उगाच छाती काढून उभा राहिलो. लाँच कंट्रोल, म्हणजे जागेवरून झटक्यात सुटायची सोय, तर अगदी मन लावून शिकवला: डावा पाय ब्रेकवर, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर, ब्रेक सोडला की सुटलात! सुटायचं कसं ते कळलं. थांबायचं कसं, यावर अवाक्षर नाही. चाकं जागच्या जागी घसरत फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचंही बटण होतं. त्याचं संपूर्ण प्रशिक्षण तीन शब्दांत उरकलं, "हे दाबू नका." रस्त्याला टेकलेला टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो, असे चार तळहात, बस्स. वेग १०० चा १४० झाला की गाडीतली ऊर्जा जवळपास दुप्पट होते, आणि ती जिरवायला पकड त्याच चार तळहातांची. वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं बूड सुटतं. हे मला कुणी सांगितलं? ओल्या रस्त्याने, आठव्या दिवशी. मी ब्रेक मारला, एबीएसमुळे (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पेडल पायाखाली थरथरलं, काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय उचलला. उचलला! दाबून धरायचा त्या क्षणी! गाडी गरकन फिरली आणि जिकडून आलो तिकडे तोंड करून उभी राहिली. समोरून कुणी येत नव्हतं, म्हणून हा लेख लिहितोय. आत जांभळे दिवे छान लागले होते.

ट्रॅकवरच्या अपघाताचं विमा कंपनीला विचारू नका. उत्तर तुम्हाला माहीत आहे.

घरी येऊन गाडीची पुस्तिका पहिल्यांदा उघडली. वॉरंटीच्या अटींनंतर, बारीक अक्षरात: या मॉडेलबरोबर ट्रॅकवर एक दिवसाचं प्रशिक्षण मोफत. लगेच शोरूमला फोन केला. "हो साहेब, होतं ना. ते तुमच्या जॅकेटमध्ये अ‍ॅडजस्ट केलं." जॅकेटमध्ये? "दोन्हीपैकी एक मिळतं. आम्ही सगळ्यांना जॅकेटच देतो, कुणाची तक्रार येत नाही."

तेव्हा पुढचा सल्ला: तक्रार करू नका. जॅकेट मापात बसतं का तेवढं बघा.

अमेरिकेत फोर्डने फोकस एसटी ही वेगवान गाडी घेणाऱ्यांना युटा राज्यातल्या रेस ट्रॅकवर एक दिवस फुकट शिकवलं. डॉजने एसआरटी या आपल्या ताकदवान गाड्या घेणाऱ्यांना अ‍ॅरिझोनातल्या बॉन्ड्युरंटच्या ड्रायव्हिंग शाळेत पाठवलं. म्हणजे मनात आणलं तर जमतं. (फुकट कसलं, किमतीतच धरलेलं असतं. पण जॅकेटही किमतीतच धरलेलं असतं की!)

शेवटी मी पदरचे पैसे भरून गेलो. पहिला तास नुसतं बसायला शिकण्यात गेला. ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. मग ८० च्या वेगात ब्रेकवर अक्षरशः उभं राहायचं. आम्ही नऊ जण, सगळे वर्षानुवर्षं गाडी चालवणारे. पहिल्या फेरीत सात जणांनी पाय उचलला. आणि जेवताना त्यातलाच एक म्हणतो, "माझ्याकडे फुकटचं कूपन होतं दोन वर्षं, वेळच मिळाला नाही. आता बायकोने हाकललं."

वेळ मिळाला नाही! एक्झॉस्ट बदलायला मिळाला. रात्री एक वाजता लोकांची झोप मोडत फिरायला मिळाला. एवढी ताकद विकून वर जॅकेट देणारे निर्लज्ज आहेतच, पण आपण काय वेगळे? फुकट शाळेची अपेक्षा ठेवावी का, म्हणून विचारता? ठेवा ना! सही करायच्या आधी तारीख लेखी मागा, नाही म्हणाले तर भांडा, आणि मिळाली की गुपचूप जा. देतच नसतील तर स्वतःच्या खिशातून भरा. चाकं काळी करून घ्यायला होते ना पैसे?