खुलासा: मोठे आतडे काढल्यानंतरही तपासणी आवश्यक

‘आनुवंशिक पॉलिप्सच्या आजारात मोठे आतडे काढले की कर्करोगाची तपासणी बंद करता येते’ हा सध्या फिरत असलेला संदेश चुकीचा आहे. एफएपी (फॅमिलियल अ‍ॅडेनोमॅटस पॉलिपोसिस) या आनुवंशिक आजारात आतड्याच्या अस्तरावर असंख्य पॉलिप्स, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या छोट्या गाठी, येतात. त्याला कारणीभूत असलेला एपीसी जनुकातील दोष शस्त्रक्रियेने जात नाही. त्यामुळे उरलेल्या गुदाशयात किंवा लहान आतड्यापासून केलेल्या पाउचमध्ये (पिशवीत), तसेच ड्युओडेनममध्येही (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातही) पॉलिप्स येऊ शकतात. माझ्याच बाबतीत, पित्तनलिका ड्युओडेनममध्ये जिथे उघडते तिथला पॉलिप बाजूने पाहणाऱ्या दुर्बिणीतून दिसला आणि वेळेत काढता आला. जठर व ड्युओडेनमची एन्डोस्कोपी (दुर्बिणीतून तपासणी) साधारण 20 ते 25 व्या वर्षी सुरू करण्याची शिफारस आहे. पुढील अंतर पॉलिप्स पाहून डॉक्टर ठरवतात. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हे आवर्जून कळवा.